दवाखान्याची गळकी मोटार

लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट आहे. घोडेगावपासून आत, नेवाशाच्या बाजूला मिशनचा एक लहानसा दवाखाना होता. मी तिथे नर्स होते आणि माझे यजमान दवाखान्याच्या मोटारीचे ड्रायव्हर. दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर मॅडम प्रकृती बिघडली म्हणून मायदेशी गेल्या, त्या परत आल्या नाहीत. मागे राहिलो आम्ही दोघं, एक म्हातारे कंपाउंडर आणि ती मोटार. कारभार गावच्या ख्रिस्ती मंडळीच्या पाळकांकडे आला.

मोटार मॅडमनी लढाईच्या बऱ्याच आधी घेतली होती, तीही जुनीच. काळी, उंच, चौकोनी. आतला सांगाडा लाकडाचा, त्यावर पत्रा, आणि टपावर मेणकापड ताणून कडेनं बारीक खिळे ठोकलेले. लढाईच्या दिवसांत पेट्रोल कुपनावर मिळे आणि सुटे भाग तर मिळतच नसत. गाडी बहुतेक वेळ आवारातल्या कडुनिंबाखाली उभी असे. निंबाचा पाला तिच्या फटीफटींत जाऊन बसे, पावसाळ्यात कुजे आणि खालचा पत्रा हळूहळू खाई. वरून रंग चांगला दिसायचा. रोज सकाळी यजमान तिला फडक्यानं पुसत, त्यामुळे चमकही होती.

उन्हाळ्याच्या शेवटी पाळकांनी त्यांना बोलावून घेतलं. मागच्या साली नगरला नेलेले रोगी गाडीत बसल्या जागी भिजले होते, एका तापाच्या बाईच्या तर उशीवरच धार लागली होती. पाळक म्हणाले की हा पावसाळा गाडीनं नीट काढला तर ती ठेवू, नाहीतर मोडीत द्यावी लागेल, मिशनकडून आता नवी येणार नाही. ते कठोर माणूस नव्हते. सांगताना ते खिडकीबाहेर बघत होते, असं यजमान घरी येऊन म्हणाले.

यजमानांना त्या गाडीचं काय वाटत असे, हे सांगायला हवं. ते याच भागातले. त्यांच्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला, तरी घर वेशीबाहेर होतं ते तिथेच राहिलं. लहानपणी ज्या वाड्यांच्या दारात ते उभेही राहू शकत नव्हते, त्याच घरांतली माणसं आता मागच्या सीटवर बसत आणि हे पुढे चाक धरून त्यांना नगरला नेत. लोक त्यांना ‘डायवरसाहेब’ म्हणत. मी एकदा म्हणून बघितलं की गाडी जाते तर जाऊ द्या, मला नगरच्या दवाखान्यात काम मिळेल, तुम्हीही तिकडे काहीतरी बघा. त्यांनी हातातलं फडकं झटकून दोरीवर टाकलं. मग म्हणाले, “गाडी गेली तर मी कोन, ते मला सांग.”

दुसऱ्या दिवसापासून आम्ही गळती शोधायला लागलो.

गळती शोधायची आमची रीत अशी होती. मी आत बसायची, हातात खडूचा तुकडा घेऊन. दारं, काचा सगळं बंद. ते बाहेरून तांब्या तांब्यानं पाणी ओतायचे, आधी दाराच्या खालच्या कडेवर, मग काचेच्या पट्टीवर आणि सगळ्यात शेवटी टपावर. एकदम टपावर ओतलं तर पाणी सगळीकडून येतं आणि मूळ कुठलं ते कळत नाही. ओल दिसली की मी खडूनं खूण करायची. वैशाखातल्या उन्हात बंद गाडीत बसणं म्हणजे भट्टीत बसण्यासारखंच. पण खरी अडचण पाण्याची होती. विहिरीचा तळ दिसत होता, बाया पोहऱ्यात गाळ ओढत होत्या. एक-दोघींनी मला ऐकवलंच, की आमची जनावरं तहानेली आणि तुमी गाडीला आंघोळ घालता. त्यानंतर आम्ही दवाखान्याचे कपडे धुतलेलं पाणी साठवून वापरू लागलो. गाडीला मग आठवडाभर कार्बोलिकचा वास येई.

पहिल्या दिवशी आम्हाला हुरूप आला. टपाच्या कडेचे खिळे गंजून त्यांची भोकं मोठी झाली होती, तिथून पाणी येत होतं. यजमानांनी कापड उचकटलं, खालचा गंज घासला, शेंदरी रंगाचे हात दिले आणि डांबरात बुडवलेली पट्टी ठोकली. टप सुकला. पण पुन्हा पाणी ओतलं तेव्हा माझ्या पायांशी ओल आली. ती काचेच्या कुजलेल्या रबरातून येत होती. रबर मिळेना, म्हणून त्यांनी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून बसवल्या. मग दारं. दाराच्या खाली पाणी निघून जायला भोकं असतात, ती मातीनं बुजली होती. त्यांनी तार घालून ती मोकळी केली तेव्हा आतून तांबडं पाणी आलं, आणि पाण्यामागून पत्र्याचे पोपडे. दाराचा खालचा पत्रा बोटानं दाबला तर बोट आत जात होतं.

एक जागा बुजवली की दुसरी उघडी पडायची. पाणी शिरायचं एकीकडून आणि दिसायचं भलतीकडेच. घासलेटच्या डब्यांचे पत्रे कापून त्यांनी ठिगळं लावली, रिबिटं मारली, खडूची पूड जवसाच्या तेलात मळून तिची लांबी, म्हणजे लुकण, फटींत भरली. शेवटी त्यांनी पायाखालच्या फळ्या उचलल्या. गाडीचा सगळा डोलारा ज्या लाकडी पाट्यांवर बसलेला होता, त्यांचा खालचा अर्धा भाग भुगा झाला होता. त्यांनी मला हाक मारून ते दाखवलं. मूठभर भुगा हातात घेऊन ते उकिडवे बसले होते. मी विचारलं, आता काय करायचं. त्यांनी फळ्या परत जागेवर ठेवल्या आणि वरून डांबरलेलं पोतं अंथरलं.

मृगात पाऊस आला नाही. आर्द्राही कोरडीच गेली, पुढची नक्षत्रंही. आभाळ भरून यायचं आणि नगरच्या बाजूला निघून जायचं. गावावर संकट होतं आणि आमच्या घरात मात्र एक विचित्र समाधान होतं, गाडी गळत नव्हती. गावासाठी पावसाची प्रार्थना व्हायची तेव्हा यजमानही डोळे मिटून उभे राहात. ते मनात काय मागत होते, मी कधी विचारलं नाही.

मग हस्त लागला आणि कोसळला.

त्याच दिवसांत एका दुपारी जवळच्या वाडीतून एक शेतकरी धावत आला. त्याची बायको पहिलटकरीण, कालपासून अडली होती. गाडी घेऊन आम्ही गेलो. मी तपासलं, मूल आडवं होतं. माझ्यानं ते होण्यासारखं नव्हतं, तिला नगरलाच न्यायला हवं होतं. तिला मागच्या सीटवर निजवलं, तिचं डोकं सासूच्या मांडीवर, मी पायांशी. तिचा नवरा पुढे यजमानांशेजारी बसला. त्या गर्दीत कुणी शिवाशीव बघितली नाही, यजमानांनीच तिला उचलून गाडीत ठेवलं होतं.

सडकेला लागलो तेव्हा बाहेर दहा हातांवरचं दिसत नव्हतं. मी टपाकडे बघत होते. एक थेंब नाही. काचेच्या पट्टीतून नाही, दारातून नाही. यजमानांनी मान न वळवता विचारलं, “गळतंय का?” मी नाही म्हणाले. त्यांचे खांदे जरा सैल झालेले मला मागून दिसले. इतक्या महिन्यांत तेवढाच एक क्षण आम्हाला आनंदाचा मिळाला.

घाटाच्या पायथ्याशी गाडीनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली. यजमान उतरले, इंजिनाचं झाकण उघडून भिजलेल्या तारा डोक्याच्या फडक्यानं पुसल्या. गाडी सुरू झाली, थोडी पुढे गेली, पुन्हा थांबली. असं तीन-चारदा झालं. काचेच्या खाली, आतून दिसणार नाही अशा जागी कुठेतरी पाणी शिरत होतं आणि थेट ठिणगीच्या तारांवर टपकत होतं. शेवटी फडकंही चिंब झालं. मागे ती बाई आता ओरडतही नव्हती.

तिचा नवरा पावसात पळत जाऊन जवळच्या वस्तीवरून एका सोयऱ्याला त्याच्या बैलगाडीसकट घेऊन आला. तिला हलवलं, वर पोतं धरलं. सासू चढली, मी चढले. यजमान बैलगाडीच्या साटीला हात लावून उभे होते, घाटात चढायला जोर लावावा म्हणून. सोयऱ्यानं त्यांच्याकडे बघितलं. “तुमी गाडीपाशी थांबा डायवर,” तो म्हणाला. “आमी जाऊ.” आवाजात राग नव्हता. यजमानांनी हात काढून घेतला. वळणापर्यंत ते मला सडकेवर तसेच उभे दिसत होते.

नगरला पोचलो तेव्हा मूल गेलेलं होतं. बाई वाचली, पण तिला पुन्हा मूल होणार नाही असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. व्हरांड्यात सासू माझ्याजवळ येऊन बसली. मला वाटलं ती बोल लावील. ती म्हणाली, “तुमी लई केलं बाई.” त्याहून तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गाडी बैल जुंपून परत आणली. यजमानांनी पुढचा पत्रा सोडवून बघितला. एका कोपऱ्यात, जिथे त्यांनी स्वतः लांबी भरली होती, तिथे ती सुकून सुटली होती आणि खालच्या गंजलेल्या पत्र्याला करंगळीएवढं भोक पडलेलं होतं. आत बसून मला ते कधीच दिसलं नसतं, पाणी तिथून इंजिनाच्या बाजूला जात होतं. त्यांनी मला जागा दाखवली आणि म्हणाले, “एवढंच हुतं.”

पाळकांनी गाडी मोडीत द्यायचं ठरवलं. यजमानांनी मान डोलावली. पण व्यापारी येईपर्यंतचे कितीतरी दिवस ते गाडी दुरुस्त करत राहिले. सकाळी पाणी भरून ठेवायचे, ओतायचे, स्वतःच आत जाऊन बघायचे, पुन्हा बाहेर येऊन घासायचे. मला त्यांनी बोलावलं नाही. एकदा मी जवळ जाऊन विचारलं, “आता कशासाठी?”

“गळतंय म्हनून,” ते म्हणाले.

व्यापाऱ्याला फक्त इंजिन आणि चाकं हवी होती. माणसांनी गाडी उचलली तेव्हा दारांच्या मधोमध तिचा सांगाडा मोडून दोन तुकडे झाले. यजमान तेव्हा गावात नव्हते, देवळाली प्रवरेकडे काम शोधायला गेले होते. तिकडे काही मिळालं नाही. लढाईवरून परतलेले ड्रायव्हर गावोगाव बसून होते आणि त्यांच्याकडे फौजेचे दाखले होते. शेवटी श्रीगोंद्याकडे एका साखर कारखान्यावर ते लागले, ड्रायव्हर म्हणून नाही, उसाच्या मोळ्या लॉरीत भरायला. सुट्टीला घरी आले की त्यांच्या मानेला उसाच्या पात्यांचे चरे दिसत.

वर्षभरात कंपाउंडर वारले. औषधं यायची थांबली आणि दवाखान्याला कुलूप लागलं. मी शेजारच्या खोलीत आणखी काही महिने राहिले. लांबच्या वाड्या-वस्त्यांना दवाखाना बंद झाल्याचं कळलेलं नव्हतं. एखाद्या सकाळी बैलगाडी आवारात येऊन उभी राही, आत गोधडीवर कुणीतरी कण्हत असे. मी बाहेर जाऊन सांगायची की इथे आता कुणी नाही, नगरला न्या. गाडीवान विचारी, नगर किती लांब हाय. मी सांगायची. तो बैलांकडे बघायचा, मग आत निजलेल्या माणसाकडे, आणि गाडी वळवून आल्या वाटेनं घरी घेऊन जायचा.