गच्चीवरची खापरं

खापर कुठे सापडलं हेच पुसलं गेलं, तर त्याचा इतिहास कोण सांगणार? नव्या माठात पाणी भरलं की भाजक्या मातीचा वास येतो आणि मला लिंबायत या यंत्रमागांच्या वस्तीतली आमची गच्ची आठवते. तिथल्या खोलीत संस्कृतचे एक निवृत्त प्राध्यापक एकटे राहत. तापीकाठी वर्षानुवर्षं भटकून गोळा केलेली प्राचीन मडक्यांची खापरं त्यांनी गच्चीवर मांडली होती. प्रत्येक जागेची वेगळी रास, राशीखाली गावाच्या नावाची चिठ्ठी. दिवाळीच्या साफसफाईत आईने चिठ्ठ्या केरात टाकल्या आणि सगळ्या राशी एकाच घमेल्यात घासून धुतल्या. "सर, एकदम चोख्खं करून टाकलं! फुटकं घरात ठेवू नये म्हणतात, पण तुमचं म्हणून ठेवलं. सांधलं असतं तर दोन माठ झाले असते." सरांनी घमेल्यात हात घातला. मग म्हणाले, "वहिनी, फार मेहनत घेतलीत." आई खूश होऊन खाली गेली. खाली यंत्रमाग खडखडत होते. वर सर एकेक तुकडा उन्हात धरून बघत आणि परत ठेवून देत. कुठला तुकडा कुठला, ते आता त्यांनाही सांगता येत नव्हतं. आयुष्यभराचं काम गेलं होतं आणि ते कळेल असं माणूस गल्लीत नव्हतं. गल्ली त्यांना रोज नमस्कार करायची. आज मला त्या नमस्कारांचा राग येतो. प्रश्न न विचारता दिलेला मान म्हणजे टाळणंच. तुमच्याकडे असा कुणी राहत असेल, तर आजच त्याचा जिना चढा आणि विचारा, "सर, हे काय आहे?"