शिट्टी मागून येते

पोहण्याच्या तलावावर जी माणसं पाण्यात कधीच उतरत नाहीत तीच सगळ्यात जास्त बोलतात. माझी आत्याही पाण्यात उतरत नसे, पण ती बोलायची नाही, लिहायची. फरक एवढाच, आणि तो तिच्या मते फार मोठा होता.

एकोणीस वर्षं ती तलावाच्या खिडकीत बसून पास तपासायची. सकाळची गर्दी ओसरली की प्लास्टिकची खुर्ची फरफटत पलीकडच्या टोकाला न्यायची. गळ्यात स्टॉपवॉच, मांडीवर लांबट वही, कानामागे पेन्सिल. पेन नाही, कारण शिंतोडा उडाला की शाई रडायला लागते आणि आत्याला रडणारं काहीच आवडत नसे.

अलीकडच्या टोकाला पोहायला शिकवणारे सर उभे असायचे. आत्याच्या हिशेबात सरांना दोन कामं धड येत होती, शिट्टी फुंकणं आणि त्याच क्षणी वर धरलेला हात खाली टाकणं. उरलेला वेळ ते पालकांना हसून दाखवण्यात घालवायचे. हात पडला की पोरं उडी घ्यायची, पन्नास मीटर पोहून आत्याच्या पायाशी भिंतीला टेकायची. आत्या बटण दाबायची, वेळ लिहायची आणि शेजारी बारीक अक्षरात एक शेरा. "उडी मारण्याआधी विचार करतो." "पाय कुणासाठी राखून ठेवलेत देव जाणे." "बापाकडे बघत पोहतो, म्हणून वाकडा."

माझ्या धाकट्या बहिणीपुढे, वय वर्षं तेरा, एकच शेरा असायचा. "३०.१२. शेवटी मान वर." "३०.०९. शेवटी मान वर." भिंत जवळ आली की धाकटी डोकं काढून बघायची, भिंत पळून तर नाही ना गेली.

त्या वर्षी निवड चाचणी होती. तीस सेकंदांच्या आत येणाऱ्या मुलींना मोठ्या शिबिरात घेणार होते. चाचणीला कुणी जायचं ते सरांच्या यादीवर, आणि यादी आत्याच्या वहीवर. वहीत तीसच्या आत दोनच मुली होत्या. धाकटी त्यांत नव्हती.

आई एरवी आत्याला ताई म्हणते, चिडली की वन्सं. त्या आठवड्यात घरात वन्संशिवाय दुसरा शब्द नव्हता.

"वन्सं, सख्ख्या भाचीला एक दशांश सोडवत नाही तुम्हाला?"

"माझ्या खिशात असता तर दिला असता गं. तो पाण्यात आहे. तिनेच काढायचा."

आईने त्यावर पातेलं असं आपटलं, की उत्तर पातेल्यानेच दिलं म्हणायचं.

अशा वेळी फर्निचरवाले पुढे आले. त्यांचं सोफ्यांचं मोठं दुकान होतं, त्यामुळे तलावावर ते स्वतःची घडीची खुर्ची घेऊन यायचे आणि इतरांच्या बसण्याकडे दयेने बघायचे. त्यांच्या मुलीची वेळ वहीत तीस शून्य सहा होती, ती त्यांना फारच झोंबली होती. त्यांनी फोनवर एक अॅप घेतलं, आणखी तीन बापांना घ्यायला लावलं, आणि चौघं आत्याच्या शेजारी रांगेत उभे राहून वेळ घेऊ लागले. धाकटी आली. चार फोन म्हणाले एकोणतीस शहाण्णवच्या आसपास. आत्याचं घड्याळ म्हणालं तीस अकरा.

फर्निचरवाले गोड आवाजात म्हणाले, "बाई, वय झालं की अंगठा सुस्तावतो. यात लाज कसली?"

आत्याने वहीतून मान उचलली नाही. "तुम्ही चौघंही कानाने घड्याळ लावताय. सरांचा हात बघा. शिट्टी मागून येते."

"मागून म्हणजे?"

"आवाजाला तिकडून इथवर यावं लागतं. तुम्हाला पार्किंगमधून यावं लागतं तसंच. तेवढ्यात पोर हवेत असते."

चौघं हसले. विज्ञानाचे दोन पदवीधर होते त्यांत, तेही हसले. आत्याने हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. पहिल्याच वर्षी त्या टोकाला बसून डोळ्यांनी बघितलं होतं, की आधी पोरं सुटतात आणि मग शिट्टी ऐकू येते. चौघांनाही ते दिसलं असतं, पण हात बघायचा तर फोनवरून नजर उचलावी लागते.

पालकांची बैठक झाली. वेळ कुणी नोंदवायची यावर हात वर करून मत घेतलं. तिथे मात्र सगळ्यांनी हात अगदी नीट बघितले, मोजलेसुद्धा. एक हात आईचा होता. सर तोंडात मूग धरून बसले. आत्याने वही मिटली, पिशवीत घातली आणि खिडकीत जाऊन पास तपासू लागली.

मग सहा आठवडे तलावावर नुसता आनंद. कुणीच तीसच्या बाहेर नाही. अॅपमध्ये शेरा लिहायला जागा नव्हती, आकड्याशेजारी वर केलेल्या अंगठ्याचं चित्र यायचं. धाकटीला रोज एक अंगठा मिळायचा. आई रोज तो फोन सगळ्यांना दाखवायची. धाकटी रोज शेवटी मान वर काढायची, पण आता ते लिहिणारं कुणी नव्हतं.

चाचणीला सहा मुली गेल्या. तिथल्या भिंतीला विजेची पट्टी होती, मुलीने हात लावला की घड्याळ आपोआप थांबायचं. त्या पट्टीला ना वय होतं, ना अंगठा. धाकटी तीस शून्य नऊ. फर्निचरवाल्यांची लेक तीस शून्य पाच. सहांपैकी दोघी निवडल्या गेल्या, आणि त्या कोणत्या हे आत्याच्या वहीत दोन महिने आधीच लिहिलेलं होतं.

परतीच्या बसमध्ये पालकांनी कारणांचा बाजार भरवला. पाणी जड होतं. दिवे डोळ्यांवर येत होते. फर्निचरवाल्यांनी तर विजेच्या पट्टीवरच शंका घेतली. असल्या गोष्टी बाहेरून मागवतात आणि नीट बसवत नाहीत, म्हणाले. कपाटांचा अनुभव असावा. शिट्टीचं नाव कुणी काढलं नाही. धाकटी खिडकीला कपाळ टेकून बसली होती, आणि आई पहिल्यांदाच कुणाला फोन दाखवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर धाकटी तलावाच्या खिडकीपाशी गेली. आम्ही दोघी मागे होतो, आई आणि मी.

"आत्या, जुनी वही दे."

आत्याने दिली. धाकटी आपल्या ओळींवरून बोट फिरवत गेली. अकरा ठिकाणी तेच होतं.

"हे मला कधी सांगितलं का नाहीस?"

"अकरा वेळा लिहिलंय. वाचता येतं ना तुला?"

"वही तुझ्या मांडीवर असायची, आत्या. आम्हाला नुसता आकडा सांगायचीस."

आत्याने वही परत घेतली. एकोणीस वर्षांत जगातल्या प्रत्येकासाठी तिच्याकडे शेरा तयार होता, स्वतःसाठी मात्र तिने एकही लिहून ठेवला नव्हता. तिने 'पाच मिनिटांत येते'ची पाटी खिडकीत लावली आणि स्टॉपवॉच गळ्यात घातलं.

"कपडे बदल. शेवटचे चार हात मान पाण्यातच. भिंत कुठे जात नाही, महानगरपालिकेची आहे."

सर आलेले नव्हते. म्हणून खिडकीत टांगलेली सरांची शिट्टी आत्याने सरळ आईच्या हातात ठेवली आणि शिट्टी फुंकताना हात खाली कसा टाकायचा ते दोन वाक्यांत सांगितलं. मी आत्याबरोबर पलीकडे गेले. मधे पन्नास मीटर पाणी, तिकडे आई हात वर करून उभी, चारचौघांत कान धरून उभं केल्यासारखी.

हात पडला. धाकटी हवेत होती. मग शिट्टी आली.

मी आत्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

शेवटच्या चार हातांत धाकटीचं डोकं वर आलं नाही. भिंतीला हात लागला. आई तलावाला वळसा घालून ओल्या फरशीवरून जवळजवळ धावतच आली. किती, किती, करत.

"तीस शून्य दोन."

"म्हणजे तीसच की हो."

"म्हणजे तीस शून्य दोन," आत्या म्हणाली. ते लिहून झालंच होतं. मग तिने वही उलटी केली आणि पाण्यातल्या धाकटीच्या नाकासमोर धरली. शेजारी लिहिलं होतं: "मान ठीक. उडी उशिरा."

पुढची चाचणी आठ महिन्यांनी होती. धाकटीने शेरा दोनदा वाचला, बाहेर निघाली आणि पुन्हा उडीच्या टोकाकडे चालत गेली. आईही तिच्यामागे निघाली. अर्ध्या वाटेत थांबली, वळली.

"ताई, माझा हात दिसतो ना तिथून नीट?"

"दिसतो. जरा उंच धर. लाजत टाकतेस."