नसलेलं कुलूप

किल्ल्या बनवण्यात दाजींची हयात गेली होती, म्हणून रविवारच्या खेळात ते हट्टानं चोरच व्हायचे. टेबलाभोवती बसून राक्षस, खजिने नि तळघरं कल्पनेत उभी करायचा हा खेळ त्यांचा मेहुणा चालवायचा. जुन्या नियमांत फासा टाकायचा. मोठा आकडा पडला की कुलूप उघडलं. "आयुष्यभर मी कुलपं काय फासे टाकून उघडली?" अशी दाजींनी भुणभुण लावली, तेव्हा वैतागून मेहुण्यानं दुसरी नियमावली आणली. तिच्यात आपण काय करतो ते तोंडानं सांगायचं.

मग काय, राक्षसाच्या दारापुढे दाजींना चेवच चढला. तार कशी वाकवायची, कान कुठे लावायचा, सगळं साग्रसंगीत सांगितलं. खेळात जादूगार झालेला गल्लीतला शिंपी पेंगायला लागला.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "दाराला कुलूप नव्हतंच. नुसतं लोटलं असतं तरी उघडलं असतं."

"मग आधी का नाही बोललास?"

"तुम्ही विचारलंत कुठं? या नियमांत विचारावं लागतं."

"आणि जुन्या नियमांत?"

"फासा चांगला पडला असता तर कुलूप उघडलं असतं."

"नसलेलं?"

मेहुणा नियमांची दोन्ही पुस्तकं चाळायला लागला.

दुसऱ्या दिवशी एका बाईंची किल्ली हरवली म्हणून दाजी हत्यारांची पेटी घेऊन गेले. दारापुढे त्यांनी पेटीतून तार काढली, परत ठेवली. शेवटी चाचरत म्हणाले, "ताई, याला कुलूप आहे ना?"

बाईंनी कुलपाकडे पाहिलं, मग पेटीकडे. "किल्लीवाले तुम्हीच ना?"

दाजींनी आधी हलकेच दार लोटून पाहिलं.