पोस्टमन आणि तळ्याची किल्ली

आमच्या राखीव रानात मदतीला यायला लागून पोस्टमनला जेमतेम दोन वर्षं झाली होती. मला अकरा. तरी ते रान सांभाळणारी माझी सख्खी मोठी बहीण चारचौघांत म्हणायची, "यांच्यासारखी नजर कुणाची नाही." सरळ सांगते, माझ्या पोटात दुखायचं.

माणूस साधाच. निवृत्त, विधुर, सायकलवरून यायचा. उभं आयुष्य पत्ते शोधण्यात गेलेलं, त्यामुळे कुठल्या ढोलीत कोण राहतं, सगळं तोंडपाठ. टपाल वाटायला आल्यासारखा झाडाझाडापाशी थांबायचा. तळ्यात बेडकांची अंडी दिसली की हळूच जाऊन ताईला सांगायचा. मला नाही. मेला!

मग ताईचे गुडघे गेले. तळ्याच्या फाटकाची किल्ली पुढे कुणाकडे, हे ती हिवाळ्याआधीच्या सफाईनंतर ठरवणार होती. मला ती हवीच होती.

सफाईत आम्ही थोडंच शेवाळ उपसतो आणि दोन दिवस काठावरच पसरून ठेवतो. अडकलेले जीव आपले आपण पाण्यात परततात. हे नव्या लोकांना मीच शिकवायचे. पण काठ लख्ख करून ताईला दाखवायची मला इतकी घाई झाली, की सगळे घरी गेल्यावर मी ढीगच्या ढीग हातगाडीने खतखड्ड्यात नेऊन ओतले.

सकाळी पाहते तर पोस्टमन खड्ड्यात गुडघे टेकून बसलेला. शेवाळाचा एकेक गुंता सोडवून चतुर किड्यांची पाण्यातली पिल्लं बादलीत सोडत होता. बरीचशी मेली होती. तेवढ्यात ताई आली.

"कुणी केलं हे?"

मी वाकून बादलीत पाहू लागले.

"मीच, ताई," तो म्हणाला. "म्हटलं, काठ जरा स्वच्छ दिसेल."

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही," ताई म्हणाली. माझ्याकडे तिने एकदाच पाहिलं आणि किल्ली काढून त्याच्या चिखलाच्या हातात ठेवली.

मला ती आजतागायत एका शब्दाने बोललेली नाही. चांगली फडाफडा बोलली असती तर बरं वाटलं असतं. किल्ली गेली, जाऊ दे. पण ती चूक तरी माझी होती, तीसुद्धा त्यानेच नेली.