शामेनची माती

"तुझे दाजी गेले... तू ये, पण माणसं गोळा करून आणू नकोस." ताईचा फोन आला तेव्हा मी बदलापूरच्या बाजारात भाजी घेत होतो. आता नवरा गेलेल्या बाईनं असं बोलावं? मला रागच आला. पण दारातल्या गर्दीची त्या घराला जुनी भीती होती.

आमचे लिम दाजी उल्हासनगरात जन्मभर चपला विकत आले. त्यांचे वडील चीनमधल्या शामेन बंदरातून बोटीनं कलकत्त्याला आलेले. त्या गावची निम्मी माणसं म्हणे परमुलखातच. कोणी मनिला, कोणी पिनांग, कोणी रंगून. निघताना घरच्या विहिरीकाठची माती बांधून घ्यायची आणि परकं पाणी बाधू नये म्हणून त्यात चिमूटभर कालवून प्यायची, ही तिथली रीत. ती माती दाजींच्या घरी पत्र्याच्या डब्यात, फळीवर असायची. बासष्टच्या चीनशी झालेल्या लढाईत पोलीस आले, सगळ्या कुटुंबाला राजस्थानातल्या छावणीत नेलं, तेव्हा त्यांच्या आईनं दागिने सोडून तो डबा उचलला. दाजी तेव्हा एवढेसे होते. पुढे सगळा संसार उल्हासनगरच्या कॅम्प चार या वस्तीत झाला, पण कॅम्प हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही. "चार नंबरला राहतो," म्हणायचे.

मधे सीमेवर मारामारी झाली, त्या वर्षी कोणीतरी दुकानाच्या शटरला काळं फासलं. दाजींनी ते निमूट पुसलं आणि घरी येऊन डबा काढला. मी आपली चेष्टा केली, "दाजी, पोट बिघडेल हां."

ते हसले नाहीत. "ही संपली ना, की इथलं पाणी आपल्याला सोसायचं नाही."

मैतीनंतर मी डबा उघडला. वाटलं होतं, तळ दिसेल... तर अर्ध्याच्या वर भरलेला, आणि माती काळी.

"शामेनची तांबडी ना गं?"

ताई चहा गाळत होती. "ती केव्हाच संपली. मी मोगऱ्याच्या कुंडीतली घालत गेले."

"त्यांना कळलं नाही?"

"रंग दिसत नव्हता का त्यांना? गपचूप प्यायचे."

मला तिथंच रडू आलं.

परवा रविवारी गेलो, तर टीव्हीवर पुन्हा सीमेचीच बातमी. भाचा जेवता जेवता म्हणाला, "मामा, ऑफिसात हल्ली आडनाव दोन-दोनदा विचारतात." ताईनं टीव्ही बंद केला. फळीवरचा डबा काढला, त्याच्या ग्लासात चिमूट टाकून ढवळली. इतका शिकलेला पोरगा, पण एका शब्दानं विचारलं नाही, पाणी पिऊन टाकलं. मग ताई उठली आणि भरदुपारी तिनं दाराला आतून कडी घातली.