चंद्रीने पान्हा सोडला ती संध्याकाळ

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीचा हिवाळा असेल. मी दिंडोरीजवळच्या आमच्या मळ्यात एकटाच होतो... बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली होती, सटाण्याकडे.

ती असताना मी फार बोलायचो असंही नाही. पण ती गेली आणि घर इतकं गप्प झालं, की मीच खोकलो तरी दचकायचो.

त्यात आमची म्हैस, चंद्री. तिला सवय बायकोच्या हाताची. मी धारेला बसलो की पान्हा चोरायची, बादलीला लाथ मारायची. शेवटी शेजारच्या मळ्यातल्या काकू म्हणाल्या, "अरे, बायकोचं लुगडं गुंडाळून बस. म्हशीला वास कळतो."

तसं केलं. डोक्यावरून पदर घेऊन बसलो आणि चंद्री फसली... खरं सांगतो, त्या वासाने मीही थोडा वेळ फसायचो.

एक दिवस लुगडं शेणाने भरलं म्हणून धुतलं. संध्याकाळपर्यंत ते वाळलं नाही, म्हणून मी तसाच बादली घेऊन बसलो. दूध मिळेल अशी आशा नव्हतीच.

हात लावायच्या आत चंद्रीने पान्हा सोडला.

तिची शेपटी थांबली. मान वळवून ती माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिली... बायको गोठ्यात आली की बघायची, तशी.

आणि मागून चुचकारल्याचा आवाज आला. बायको धारेआधी चुचकारायची, अगदी तसा. वळून बघायची हिंमत झाली नाही... बादली भरेपर्यंत मान खाली घालून बसलो.

उठलो तेव्हा मागे कुणी नव्हतं. ते दूध मला घोटभरही गेलं नाही. तिचं काही बरंवाईट तर झालं नसेल, एवढंच डोक्यात फिरत होतं.

सकाळी म्हैस गावातल्या थोरल्या भावाच्या, दादाच्या हवाली केली आणि पहिली एसटी धरली. वणी, कळवण करत दुपारी सासुरवाडीला पोचलो. सासूबाई दारातच भेटल्या, मी आलो म्हणून त्यांना हायसं वाटलं. "बरं झालं उनात, जवाईबापू. तिले लई ताप शे."

घरातले काढा देत होते, आज उतरेल, उद्या उतरेल म्हणून वाट बघत होते.

आत ती गोधडीवर पडली होती. डोळे मिटलेले, ओठ सुकलेले... आणि दोन्ही हात हवेत हलत होते. एक मूठ आवळायची, खाली ओढायची, सोडायची. मग दुसरी.

"काल सांजपासून आसंच चाली ऱ्हायनं," सासूबाई रडत म्हणाल्या. त्यांना काही उमजत नव्हतं. मला मात्र बघताक्षणी कळलं... ती धार काढत होती.

मी तिथे पाणीही प्यायलो नाही. गावातल्या एकाची जीप मिळाली, तिच्यात घालून तिला मालेगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं."

दोन-तीन दिवसांनी ताप उतरला. पोटातलं बाळही सुखरूप होतं. तिने डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, "चंद्रीला कोण बघतंय?"

"दादा," मी म्हटलं.

तिने छताकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मी आले होते ना गोठ्यात. तुमच्या मागंच उभी होते. तुम्ही वळून बी नाय पाहिलं."

तिचा हात तेवढा धरून बसलो...

तेव्हा पोटात असलेली आमची लेक आता शिक्षिका आहे. तापात माणसाला काहीही भास होतात बाबा, असं ती समजावते. असेलही... मी वाद घालत नाही.

मला एवढंच ठाऊक आहे, की बायकोचं दुखणं तिकडे कुणाला कळेना, तेव्हा ती मला बोलवायला आली होती. आणि भीतीपोटी का होईना, मी निघालो.