पावडरीवर आळ

मावशीचा आपल्यावर विश्वास आहे, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस त्या संशोधन संस्थेत सापडला नसता. कुलूप लावलं की ती तीनदा ओढून बघायची, चौथ्यांदा दुसऱ्याला ओढायला लावायची आणि तो ओढत असताना त्याच्या हाताकडे बघायची. खाद्याचं पोतं आलं की मूठभर काढून वास घ्यायची. नव्या माणसाचाही घेतला असता, पण तेवढी रीत तिला होती.

सव्वीस वर्षं ती तिथल्या प्राणीघरात होती. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, आणि प्रयोगाला नेलेला पांढरा उंदीर परत आला की ज्याच्या त्याच्या पिंजऱ्यात ठेवायचा. उंदीर ओळखू यावेत म्हणून त्यांच्या शेपटीवर शाईच्या पट्ट्या काढत. मावशी त्या पट्ट्यांना हसायची. "घरी पोरांच्या कपाळावर नंबर लिहिता का?" असं तिनं एका मोठ्या साहेबांना तोंडावर विचारलं होतं. साठ उंदीर ती चालीवरून ओळखायची. सव्वीस वर्षांत एकही चुकला नव्हता, आणि याचा तिला भारी तोरा होता.

मग ती पावडर आली. ताईंनी मागवलेली. ताई म्हणजे मेंदूवर संशोधन करणारी बाई, तीन वर्षं याच प्रयोगाच्या मागे लागलेली. बोटाच्या पेराएवढी तपकिरी बाटली, आणि तिच्यासाठी बर्फ भरलेलं एवढं मोठं खोकं! मावशीला तेव्हाच ते पटलं नाही.

"हिनं होतं काय?" तिनं विचारलं.

"मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात ना, मावशी, ग्लुटामेट नावाच्या पदार्थातून. तो निरोप आत घ्यायला पेशीला दारं असतात. ही पावडर त्या दारात जाऊन बसते. निरोप येतो, पण बाहेरच राहतो. मग नवीन काही लक्षात राहत नाही. टाकीतल्या पाण्याखाली दडवलेली पायरी रोज शोधून काढणारा उंदीर नुसता पोहत राहील."

"आणि माणसाच्या पोटात गेली तर?"

"म्हणून तर हातमोजे," ताई हसत म्हणाल्या आणि निघून गेल्या.

हसण्यासारखं त्यात काय होतं? मावशीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

दुसऱ्याच आठवड्यात सातव्या पिंजऱ्यात परका उंदीर निघाला. दोघांची जुंपली होती आणि मूळ मालकाच्या कानाची लक्तरं झाली होती. मावशीनं ताबडतोब काचेच्या नळ्या धुणाऱ्या भाऊला धरलं.

"तूच हात लावलास. तुझी नजर मला आधीपासूनच ठीक वाटत नव्हती."

"मावशी, मी काल रजेवर होतो."

"तेच तर! नेमका कालच कसा रजेवर होतास?"

भाऊ बिचारा नळ्या धुवायला गेला. पण मग खाद्याच्या पिंपाचं झाकण रात्रभर उघडं राहिलं, तेव्हा किल्ली फक्त मावशीकडे होती. तिचा चष्मा ओल्या भुशाच्या टोपलीत मिळाला. एकदा तर धुतलेलेच पिंजरे ती परत धुवायला बसली आणि ओले हात बघून थबकली.

ती घाबरली. सरळ सांगायचं तर तिची झोप उडाली. तिच्या आईनं शेवटच्या दिवसांत तिला दारात बघून विचारलं होतं, "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?" ही गोष्ट मावशीनं आजवर कोणापुढे काढली नव्हती. आताही काढली नाही. तिनं दुसराच चोर शोधला, आणि तो शोधताना तिचं डोकं असं काही चाललं की साहेबांनी शाबासकी द्यावी. ताई रोज उंदरांना सुई टोचतात. सुईतून पावडर उंदरात, उंदरातून भुशात, भुशाची धूळ आपल्या नाकात. झालं! दारं अडवली जाताहेत ती आपली.

त्या दिवसापासून तिनं तोंडावर दोन फडकी बांधली, हातमोज्यांवर हातमोजे चढवले आणि संस्थेतलं पाणी वर्ज्य केलं. घरी येऊन लेकीला कागद घेऊन बसवलं.

"लिही. पावडर गळते आहे. प्रयोग बंद करा."

लेकीनं दोन ओळी लिहिल्या आणि पेन थांबवलं. "आई, पावडर महिन्यापूर्वी आली ना? तू दार सताड उघडं टाकून कामाला जातेस ते तर मागच्या वर्षापासून चाललंय."

"तुला मी लिहायला बसवलंय. वकिली करायला नाही."

साहेबांकडे जायच्या आधी तिनं अर्ज प्राणीघरातल्या ताईंच्या टेबलावर आपटला. पाठीमागून वार करणं तिच्या स्वभावात नव्हतं. ताईंनी वाचला. त्यांचा चेहरा उतरला. अर्ज वर गेला की चौकशी लागणार आणि तीन वर्षं पाण्यात जाणार. पण त्या वाद घालत बसल्या नाहीत. उठल्या, फ्रीजची किल्ली काढली आणि ती बाटली मावशीच्या हातात दिली.

"बघा, मावशी."

बाटलीच्या बुचावर धातूची टोपी घट्ट होती. तिच्यावरची पट्टी जशीच्या तशी.

"अजून उघडलीच नाही मी. उंदरांना सुईची सवय व्हावी म्हणून नुसतं मिठाचं पाणी टोचतेय. पावडर सोमवारपासून."

मावशीनं चष्मा पुसला. बाटली उजेडात धरली, नखानं पट्टीची कड चाचपली, उलटी करून तळ पाहिला. इतका वेळ की ताईंना कसंतरी व्हायला लागलं. आयुष्यभर मावशी खोट शोधत आली होती, पण एखादी खोट सापडावी म्हणून इतकी आसुसलेली ती पहिल्यांदाच.

"ताई, नीट आठवा. एकदा तरी उघडली असेल."

"नाही हो, मावशी."

"थोडीशी? चुकून?"

ताईंनी नकारार्थी मान हलवली. मावशी स्टुलावर बसली. तोंडावरचं एक फडकं सोडलं, मग दुसरं. आता ती कशासाठी हवी होती?

"मला पावडर चालली असती हो," ती म्हणाली.

ताईंनी तिचा हात धरला. "उद्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे चला. माझ्या ओळखीचे आहेत."

"कसे आहेत? बरे आहेत ना? नाहीतर उगाच काहीतरी सांगायचे."

"बरे आहेत."

मावशीनं अर्ज घडी करून खिशात ठेवला. सातव्या पिंजऱ्याचा उंदीर टेबलावरच्या डब्यात वाट बघत होता. तिनं त्याला उचललं, शेपटी डोळ्यांजवळ धरली, पट्ट्या बोटानं मोजल्या आणि मगच पिंजऱ्यात सोडला. दारापर्यंत जाऊन ती वळली.

"ताई," ती म्हणाली, "उद्या सकाळी मला आठवण करून द्या हं."